काळ्या शर्टावरचा पत्रा

‘ताई, वर्षभरापासून मी घरीच स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई ओढून, टी-शर्ट छापतो. पांढऱ्या शर्टावर काम झकास होतं, पण काळ्या किंवा गडद निळ्या शर्टावर छापलं की छातीवर पत्रा ठोकल्यासारखं लागतं. पांढरा उठावा म्हणून दोन-तीनदा शाई ओढतो. मित्राने एक शर्ट दोनदा घालून परत आणून दिला. म्हणाला, आतून घाम सुटतो, आणि चार धुण्यांत तडेही गेले. बाजारात मात्र असेही गडद शर्ट मिळतात की डोळे मिटून हात फिरवला तर प्रिंट कुठे सुरू होते ते कळत नाही. माझ्याकडे बिजागरीच्या क्लॅम्पची एक जोडी, ४३टी जाळीच्या लाकडी फ्रेमा, एक स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), प्लास्टिसोल (उष्णतेनेच पक्की होणारी) शाई आणि हीट गन आहे. साठवलेल्या पैशांतून आता चार रंगांचं प्रेस घ्यावं म्हणतो. कोणतं घेऊ? आणि जाळी, शाई, स्क्वीजी यांचं काय करू?’
– पत्र्याला कंटाळलेला

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वर जाऊन वाचलं : ‘पांढरा उठावा म्हणून दोन-तीनदा शाई ओढतो.’ दुखणं तिथेच आहे, आणि नवं प्रेस हा त्यावरचा इलाज नाही. प्रेस कितीही भारी असलं तरी ४३टी जाळीतून तीनदा ओढलेल्या शाईचा पत्राच होतो. आज तो एका रंगाचा होतोय, उद्या चार रंगांचा होईल. तेव्हा पैसे तूर्त खिशात राहू द्या. कुठे घालायचे ते सांगते, पण आधी शाईचं ठरवू. बाकीची सगळी हत्यारं शाईच्या मागून येतात.

पांढऱ्या शर्टावर पांढरा रंग कापडच पुरवतं. शाई थोडी पारदर्शक असली तरी चालते, धाग्यांत जिरली तर बरंच. काळ्या शर्टावर सगळं उलटं. खालचा काळा झाकायचा तर शाई धाग्यांच्या वर राहायला हवी आणि सलग राहायला हवी. हाताला जे लागतं ते हेच, धाग्यांच्या वर उरलेली शाई. म्हणजे वाटा दोन. एक तर काळा झाकायचाच नाही, कापडातून काढून टाकायचा. नाही तर झाकायचा, पण जमेल तितक्या पातळ थरात.

पहिल्या वाटेचं नाव डिस्चार्ज. डोळे मिटून हात फिरवलात तो शर्ट बहुधा याच पद्धतीचा. ही पाण्यावरची शाई. छापायच्या आधी तिच्यात अ‍ॅक्टिव्हेटरची पूड मिसळतात, शाईच्या वजनाच्या साधारण ६ टक्के. छापताना फारसं काही दिसत नाही; काळ्यावर ओलसर डाग, एवढंच. उष्णता लागली की ती पूड कापडातला रंग तोडते आणि त्याच जागी शाईतलं पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य, बसतं. ड्रायरमधून बाहेर येणाऱ्या शर्टावर अक्षरं उजळलेली पाहिली की अजूनही माझा हात कामावरून थांबतो. एकदा धुतलं की बोटांना जवळपास काहीच लागत नाही.

पण ही शाई भारी लहरी. शर्ट १०० टक्के सुती हवा, आणि रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक जोड धरणाऱ्या, रंगाने रंगवलेला हवा. पॉलिएस्टरचा रंग तिला दाद देत नाही, त्यामुळे मिश्र कापडावर काही तरी अर्धवट, मळकट मिळतं. सुतीतही रॉयल ब्लू, टर्क्वाइज आणि काही हिरव्या छटा नीट सुटत नाहीत. काळा तरी सगळा सारखा कुठे असतो? मी एकदा एकाच लेबलाचे चाळीस काळे शर्ट छापायला घेतले. पहिले वीस छान हस्तिदंती उजळले, पुढचे वीस तपकिरीवरच अडकले. आधी शाईला दोष दिला, मग ड्रायरला, मग स्वतःला. शेवटी रिकामे खोके आवरताना दिसलं की दोन खोक्यांवरचे लॉट नंबर वेगळे होते. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला एक शर्ट बळी देते. तुमची हीट गन या कामाला उत्तम आहे : खालच्या काठाच्या आतल्या बाजूला तयार शाईचा थेंबभर ठिपका द्यायचा, ओला असतानाच गनने तापवायचा आणि रंग सुटतो का, किती सुटतो ते बघायचं.

तुम्ही घरी छापता म्हणून हेही स्पष्ट सांगायला हवं. तापताना या शाईतून गंधकाचा उग्र वास येतो आणि फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. हवा थेट बाहेर फेकणारी सोय नसेल तर हे काम घरात नकोच. हातमोजे हवेत. मिसळलेली शाई काही तासांत निकामी होते, आणि उरलेली डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायची नाही, कारण आत वायू साठतो. शर्ट घालण्यापूर्वी एकदा धुवायला सांगायचं. शिवाय क्युअर करायला, म्हणजे शाई पक्की करायला, ओल आणि उष्णता एकाच वेळी लागते, वाफेला वाटही लागते. म्हणजे हवा खेळती असलेला ड्रायर आला. हीट प्रेसची तापलेली पाटी ओल्या शाईवर दाबून हे होत नाही, शाई फरफटते.

म्हणून माझं मत असं : डिस्चार्जचं स्वप्न मनात ठेवा, पण वर्षभर दुसऱ्या वाटेने चला. तुमच्याकडे आहे तीच प्लास्टिसोल, फक्त आजच्या निम्म्या जाडीची. पाण्यावरची झाकणारी पांढरी शाईही मिळते आणि ती सुकल्यावर खरंच छान लागते, पण उघड्या जाळीत ती बघता बघता सुकते. दर छापेनंतर जाळीवर शाईचा हात फिरवून ठेवायचा, मधून पाण्याचा फवारा मारायचा, फोन वाजला तर वाजू द्यायचा. हात बसला की ती घ्या.

आता पैसे. सगळ्यात आधी फ्लॅश घ्या. टी-शर्टावर वरून धरायचा तो हीटर, स्टँडवर फिरणारा. तुम्ही पांढरा दोन-तीनदा ओढता तेव्हा पहिला थर ओलाच असतो. दुसऱ्या फेरीला स्क्वीजी त्यालाच कापडात ढकलते, थोडा जाळीच्या पोटाला चिकटून वर येतो, आणि तुम्हाला वाटतं अजून उठाव नाही, म्हणून तिसरी फेरी. शाई वाढत जाते, झाकणं मात्र होत नाही. त्याऐवजी एक पातळ थर, फ्लॅश, मग दुसरा पातळ थर. पहिला थर दिल्यावर शर्ट उजेडाकडे तिरका धरून बघा : शाईतून कापडाची बारीक लव उभी राहिलेली दिसेल, दाढीच्या खुंटांसारखी. खरखर तिचीच. फ्लॅशने पहिला थर आळला की ती लव तिथेच अडकते आणि दुसरा थर गुळगुळीत जमिनीवर पडल्यासारखा पडतो. तो अगदी थोडका पुरतो.

फ्लॅश म्हणजे पूर्ण भाजणं नव्हे. प्लास्टिसोल साधारण १०५ ते १२० अंशांना आळते आणि नेहमीची शाई पूर्ण क्युअर व्हायला १६० अंशांपर्यंत जावी लागते. (कमी तापमानाच्या शाया आहेत, त्यांचा आकडा डब्यावर असतो, तोच पाळायचा.) फ्लॅशनंतर बोट टेकवलं तर शाई बोटाला लागू नये, पण नख दाबलं तर वण उठावा, इतपतच. जास्त भाजलंत तर वरचा थर खालच्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्रा सुटतो. शर्ट पसरायची फळीही तापत जाते, हे सगळेच विसरतात. पहिल्या शर्टाला दहा सेकंद लागले तर दहाव्याला पाच-सहा पुरतील, नाही तर वरचा थर देताना शाई जाळीतच आळायला लागेल.

मित्राच्या शर्टाला गेलेले तडे हा पत्र्याचा भाऊ. हीट गनने वरची कातडी तापते, जाड थराचा तळ कच्चा राहतो, आणि कच्ची प्लास्टिसोल ताण सोसत नाही. लेझर थर्मामीटर रोखून १६० आकडा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो फक्त पृष्ठभाग मोजतो. गार झालेली प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा, आणि एक शर्ट पाच वेळा धुवून मगच गिऱ्हाइकाला द्या. क्युअर करायला हीट प्रेस असेल तर प्लास्टिसोलला चालतं, मध्ये सिलिकॉनचा कागद ठेवून. नसेल तर फ्लॅशखालीच शर्ट जास्त वेळ ठेवून होतं. धीर धरायचा आणि कडांकडे लक्ष ठेवायचं, कारण फ्लॅशचा मधला भाग कडांपेक्षा जास्त तापतो. हीट गन त्या ठिपक्याच्या परीक्षेला ठेवा.

दुसरे पैसे जाळीत. ४३टी म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. इंचाच्या हिशेबात सांगतात ती ११०ची जाळी. चकाकी, फुगणारी शाई, खेळाडूंचे नंबर यांना ती ठीक. मऊ पांढऱ्याला ती म्हणजे पाण्याचा नळ सोडल्यासारखी. तुम्ही ६१टीच्या आसपास या, इंचाला साधारण १५५. पांढऱ्यावर चढवायचे रंग ९०टीतून, आणि बारीक ठिपक्यांचं काम असेल तर १२०टीतून. जाळी बदलली की शाई आपोआप कमी पडते, हात बदलावा लागत नाही.

इथे एक गोष्ट दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. नुसते धागे मोजून भागत नाही, धागा किती जाड हेही विचारायचं. समजा सेंटिमीटरला ६० धागे आहेत. धागा ६४ मायक्रॉनचा असेल तर जाळीत मोकळी जागा गणिताने साधारण ३८ टक्के निघते. तोच धागा ४८ मायक्रॉनचा असेल तर ५० टक्के. धाग्यांची संख्या तीच, खिडक्या मात्र बऱ्याच मोठ्या. जाड पांढरी शाई या खिडक्यांतून हलक्या हाताने, एका फेरीत खाली उतरते, आणि धागाच बारीक असल्याने थरही पातळ पडतो. पातळ धाग्याची ही जाळी नाजूक असते. फ्रेमच्या कोपऱ्याचा धक्का लागला की फाटते. माझ्या दोन पहिल्याच आठवड्यात गेल्या. तरी मऊ कामासाठी एकच नवी फ्रेम घ्यायची असेल तर मी हीच घेईन.

ताणाबद्दल हट्ट धरा. लाकडी फ्रेम पाणी पिते, वाकते, जाळी सैल पडते. सैल जाळी शाईला चिकटून राहते आणि उशिरा सुटते, म्हणून आपण जास्त दाबतो, आणि दाबलं की शाई कापडात रुतते. मग झाकण्यासाठी पुन्हा एक फेरी. अ‍ॅल्युमिनियमची, ताणून चिकटवलेली फ्रेम घ्या, निदान २० ते २५ न्यूटन प्रति सेंटिमीटर ताणाची. घेताना मीटर लावून दाखवायला सांगा. जाळी आणि शर्ट यांच्यात दीड ते तीन मिलिमीटर अंतर हवं, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतकं. बिजागरीच्या क्लॅम्पखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारून ते आजच करता येईल. छापताना वाकून बघा : स्क्वीजी पुढे सरकली की तिच्या मागे जाळी लगेच शर्टावरून सुटली पाहिजे. सगळी ओढून झाल्यावर फ्रेम उचलताना फट्कन आवाज आला तर अंतर कमी आहे किंवा जाळी सैल आहे.

स्क्वीजी वर्षभर तीच वापरताय ना? तिच्या धारेवरून नखाची पाठ फिरवा. गोलसर लागली तर ती शाई कापत नाही, नुसती दाबते, आणि तुमचा निम्मा पत्रा त्या गोलाईतून आलेला असतो. ७० ड्युरोमीटरचं (हे रबराच्या कडकपणाचं माप), चौकोनी धारेचं नवं रबर घ्या. ६०चं मऊ रबर जास्त शाई सोडतं, ते आपल्याला नको. मध्ये कडक पट्टी असलेलं ७०-९०-७० मिळालं तर आणखी बरं, दाबाखाली ते वाकत नाही. स्क्वीजी उभी धरा, जवळजवळ काटकोनात, आणि ओढण्याऐवजी ढकलून बघा. मनगटं वाचतात आणि शाई कमी पडते. दाब एवढाच की जाळीचं तोंड स्वच्छ पुसलं जावं. शर्टाच्या आतून बघा. पांढरे ठिपके दिसले तर शाई कापडाच्या पार गेली, म्हणजे दाब जास्त.

इमल्शनचं, म्हणजे जाळीवर डिझाइन उठवायला लावतात त्या लेपाचं, फार काही नाही. प्लास्टिसोलला जवळपास कोणतंही चालतं. पुढे डिस्चार्जकडे वळणार असाल तर पाणी सोसणारं घ्या, नाही तर चाळिसाव्या शर्टाला डिझाइनच्या कडा विरघळलेल्या दिसतील. दोन्ही बाजूंनी एकेक गुळगुळीत हात पुरे, जाड थर नकोत. जाळीखालचा इमल्शनचा थर जितका जाड, तितका शाईचा काठ उंच.

शाईत मिसळायचा ‘सॉफ्ट हँड’ बेस मिळतो, त्याची भुरळ पडेल. वरच्या रंगांत तो जरूर घाला. खालच्या पांढऱ्यात घातलात तर झाकण्याची ताकद जाते, मग तुम्ही पुन्हा दोनदा ओढाल, आणि आलो तिथेच. पांढरी शाई थंडीत दगडासारखी बसते. तिला पातळ करणारा रिड्यूसर ओतण्याआधी डब्यात लाकडी पट्टीने पाच मिनिटं जोरात घोटा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच ती सैल होते. पॉलिएस्टर किंवा मिश्र कापड असेल तर पांढरा लो-ब्लीड प्रकारातलाच घ्या. उष्णतेने पॉलिएस्टरमधला रंग वाफ होऊन वर चढतो. लाल शर्टावरचा पांढरा दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेला असतो.

आणि ज्या हत्याराला दमडीही लागत नाही ते म्हणजे डिझाइन. छातीभर भरीव चौकोन कुठल्याही शाईने मऊ होत नाही. काळा शर्ट हा तुम्हाला फुकट मिळालेला रंग आहे, तो वापरा. सावल्या, बाह्यरेषा, डोळ्यांची बुबुळं, जे जे काळं ते छापूच नका, कापड उघडं सोडा. पांढरा बेस, म्हणजे रंगांखालचा पांढरा थर, सलग न ठेवता गडद भागांत हाफटोनचे (छटा दाखवणारे बारीक) ठिपके करा : इंचाला ४५ ओळी, ६१टीतून त्या आरामात निघत नाहीत, त्याला इंचाला ओळींच्या चौपट-पाचपट धाग्यांची जाळी हवी, म्हणजे ९०टी. ठिपक्यांच्या मधून कापड वाकतं, हवा जाते आणि मित्राचा घामही थांबतो. वर रंग येणार असेल तर बेस कडेने केसभर आत घ्या, पांढरी किनार डोकावणार नाही. भरीव चित्र जुनं, झिजलेलं दिसेल असं केलं तरी बरीच शाई वाचते. फक्त ती फॅशन म्हणून नको. चित्राला शोभली तरच.

राहिलं प्रेस. तुमची क्लॅम्पची जोडी एका रंगाच्या पांढऱ्यासाठी पुरेशी आहे, अट एवढीच की दोन थरांच्या मध्ये शर्ट फळीवरून तसूभर हलता कामा नये. फळीला शर्ट धरून ठेवणारा पॅलेटचा गोंद लावा, बिजागरीतला खुळखुळा काढा, आणि फ्रेम खाली येते तिथे दोन्ही बाजूंना लाकडी अडण्या ठोका. पांढरा बेस आणि त्यावर दोन रंग असं नियमित करू लागलात की मग प्रेस घ्या, आणि घेताना त्याच्या हातांची, म्हणजे फ्रेम धरणाऱ्या दांड्यांची, संख्या मोजत बसू नका. एक हात खाली आणा, फ्रेमचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. हललं तर ते घेऊ नका. प्रत्येक हाताला मायक्रो रजिस्ट्रेशनचे, म्हणजे फ्रेम केसभर सरकवून रंग जुळवायचे, स्क्रू हवेत. फ्लॅशचा स्टँड फळीपर्यंत नीट पोचतो का तेही तिथेच बघा. फळी एकच असली तरी गडद शर्टाला चालतं, कारण छाप-फ्लॅश-छाप हे सगळं त्या एकाच फळीवर व्हायचं असतं. चार फळ्यांचा फायदा वेग वाढल्यावर.

मित्राने परत दिलेला शर्ट टाकून देऊ नका. नव्या जाळीतून, फ्लॅश लावून पहिली प्रिंट निघाली की दोन्ही शेजारी ठेवा आणि त्यालाच डोळे मिटून हात लावायला सांगा. तो काय म्हणाला ते मला कळवा.